वारशात आलेली वेठ

“उचल घेतली, तर फेडायला नको का?” वेठबिगारीचा विषय निघाला की नगर जिल्ह्यात हा प्रश्न हमखास पुढे येतो. तो रास्त वाटतो, म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

२०२२ साली इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे इथल्या कातकरी वस्तीतली दहा वर्षांची मुलगी मरण पावली. तिला नगर जिल्ह्यात मेंढपाळाकडे कामाला ठेवलं होतं. चौकशी सुरू झाली, तेव्हा संगमनेर-पारनेर भागात मेंढ्यांमागे राबणारी तिच्याच समाजाची आणखी मुलं उजेडात आली. थोडे पैसे नि एखादी मेंढी, एवढ्यावर सौदे झाले होते.

याला वेठ म्हटलं, की पहिला आक्षेप येतो तो असा: आईबापांनीच राजीखुशीनं पोरं दिली. ज्या घरात जमीन नाही, पावसाळ्यात काम नाही, तिथली ही खुशी कसली? आणि बापाची खुशी म्हणजे मुलीची नव्हे. मुलांची मजुरी गहाण टाकणारा करार १९३३च्या कायद्यानं, इंग्रजी अमदानीतसुद्धा, रद्दबातल ठरवला होता.

दुसरा आक्षेप: मेंढपाळही गरीबच, पोराला निदान भाकर तरी मिळते. मेंढपाळाची गरिबी खरी आहे. पण भाकरीचं हे समर्थन जुनं आहे. महारवतनाच्या काळीही बलुत्याकडे बोट दाखवून हेच सांगत. पिढ्यान्‌पिढ्या गावकी नि सरकारी कामं अंगावर, आणि मोबदला म्हणून शिळी भाकर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. डिसेंबर १९३९मध्ये याच जिल्ह्यात, हरेगावला, त्यांच्या अध्यक्षतेखाली वतनदारांची परिषद भरली. ती वतनं कायद्यानं संपायला १९५८ साल उजाडलं. राबता येईल एवढं खाऊ घालणं ही दया नव्हे. वेठ चालते ती याच रीतीनं.

तिसरा आक्षेप उचलीचा. पाथर्डी, शेवगाव, जामखेडची जोडपी मुकादमाकडून उचल घेतात आणि दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात. प्रत्येक उचल म्हणजे वेठ, असं मी म्हणत नाही. उचल बुडाल्यानं मुकादमही कर्जात जातो, हेही खरं. पण हंगामाअखेर बाकी निघाली, ती पुढच्या हंगामावर चढली, आणि बाप थकला म्हणून मुलानं तीच बाकी फेडायला कोयता उचलला, तर त्याला व्यवहार कसं म्हणायचं? काम सोडून जाता येतं का? दुसऱ्या मुकादमाकडे जाता येतं का? किमान वेतन पदरात पडतं का? त्याहून कमी मजुरीवर राबवणं म्हणजे सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२मध्ये सांगितलं आहे.

इंडोनेशियातल्या सुंबा बेटावर आजही काही माणसं ‘अता’, म्हणजे गुलाम, म्हणूनच जन्माला येतात. ते वाचून आपण हळहळतो. पण जन्मानं बांधणं आणि पूर्वजाच्या कर्जानं बांधणं, यांत आपला कायदा फरक करत नाही. १९७६च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याच्या व्याख्येत वाडवडिलांनी घेतलेली आगाऊ रक्कम, वारशानं आलेलं बंधन, रूढी नि विशिष्ट जातीतला जन्म, सगळं आलं आहे. असं कर्ज तो कायदा फेडायला लावत नाही, पुसूनच टाकतो. कर्ज वेठीचं नाही, हे सिद्ध करण्याचा भारही सावकारावर टाकतो.

म्हणून मागणी नवा कायदा करण्याची नाही. जिल्हा नि उपविभागीय दक्षता समित्यांनी कागदावरून उठून मेंढ्यांच्या वाड्यांवर, वीटभट्ट्यांवर, तोडणी कामगारांच्या कोप्यांवर जावं. सुटलेल्याला मुक्तीचा दाखला ताबडतोब द्यावा आणि पुनर्वसनाची रक्कमही वेळेत द्यावी. हातात काही न देता सोडलेला माणूस पोटासाठी पुन्हा त्याच दारात उभा राहतो.

उचल घेतली, तर फेडायला नको का? ज्यानं खुल्या हातानं घेतली, त्यानं पैशानं जरूर फेडावी. पण त्या दहा वर्षांच्या मुलीनं काय घेतलं होतं?