तोफेचे पोवाडे, पुलाचे विस्मरण

१/ धाकट्या डहाणूच्या खाडीत ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो. कुठे पाऊल ठरते आणि कुठे माणूस गुडघाभर रुततो, हे तिथल्या कोळ्याला शिकवावे लागत नाही. रणगाडाप्रेमी तरुणांना मात्र ते वारंवार सांगावे लागते. ४० टनांहून जड टी-७२ रणगाडा अशा काठावर आणला, तर त्याला अडवायला शत्रूची गरजच उरत नाही.

२/ तरीही 'कोणाचा रणगाडा श्रेष्ठ' या वादात तोफेचा व्यास, चिलखताची जाडी आणि वेग एवढेच मोजले जाते. पूल टाकणारी आणि रुतलेला रणगाडा ओढून काढणारी वाहने 'मदतनीस' ठरवून तळटीपेत ढकलली जातात. हे वर्गीकरण केवळ अपुरे नाही, तर चुकीचे आहे. ज्या सैन्यापाशी ही वाहने नाहीत, त्याचे चिलखती दल पहिल्या ओढ्यापर्यंतच दल असते.

३/ ही विस्मृती जुनीच आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत डहाणू, तारापूर आणि अखेरीस मे महिन्यात वसई पोर्तुगीजांकडून घेतली गेली. या विजयाची चित्रे तलवारींची असतात. वसईचा तट मात्र फुटला तो त्याच्याखाली खणलेल्या सुरुंगांनी. माऱ्याखाली माती उपसणाऱ्या त्या हातांची नावे किती जणांना ठाऊक आहेत?

४/ पूलवाहक रणगाडा म्हणजे तोफेऐवजी पाठीवर पूल घेतलेला रणगाडा. काठाशी येताच त्याचा पूल कात्रीसारखा उघडतो किंवा पुढे सरकत पैलतीरी टेकतो. चालक व साथीदार चिलखताबाहेर पडत नाहीत आणि काही मिनिटांत वाट तयार होते. टी-७२ च्या सांगाड्यावरील भारतीय पूल सुमारे २० मीटरांचा आहे. ओढा, कालवा किंवा खंदक यांसाठी तेवढी लांबी बहुधा पुरते.

५/ चिलखती उद्धारवाहनाचे काम उलट दिशेचे. ते पुढचे पाते जमिनीत रोवून स्वतःला स्थिर करते आणि दोराच्या यंत्राने रुतलेला रणगाडा ओढते. त्याची यारी इंजिन उचलते. भारतीय लष्कर यासाठी पोलंडच्या रचनेची डब्ल्यूझेडटी मालिकेतील वाहने वापरते. आज ओढून आणलेला रणगाडा दुरुस्त होऊन पुन्हा लढतो. मागे राहिलेला शत्रूच्या संग्रहालयात जातो.

६/ पुरावा हवा असेल तर १९ ऑगस्ट १९४२ चे दिएप पाहावे. कॅनडाच्या कॅलगरी रेजिमेंटचे चर्चिल रणगाडे किनाऱ्यावर उतरले. काही गोट्यांत अडकले, काही समुद्रभिंत ओलांडून गेले, पण शहराच्या तोंडाशी काँक्रीटच्या अडथळ्यांनी थांबले. ते उडवण्यासाठी आलेले अभियंते उघड्यावर मारले गेले. उतरलेला एकही रणगाडा परतला नाही. तोफा उत्तम होत्या, वाट नव्हती.

७/ तीच रेजिमेंट मे १९४४ मध्ये इटलीत कासिनोजवळ गारी नदीवर आली. या वेळी तिच्यासोबत ८ वी भारतीय डिव्हिजन होती आणि त्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण होती. कॅप्टन किंग्जमिल यांच्या कल्पनेनुसार बुरूज काढलेल्या शर्मन रणगाड्यावर बेली पूल लादला गेला, मागून दुसऱ्या रणगाड्याने तो रेटला आणि माऱ्याखाली नदीवर वाट झाली. दिएपचा धडा रक्त देऊन शिकला गेला होता.

८/ यंत्र नव्हते तेव्हा काय होत असे? १९४१ मध्ये अबिसिनियाच्या मोहिमेत बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी सलग ९६ तास सैन्याच्या पुढे राहून १५ सुरुंगक्षेत्रे मोकळी केली. या काळात त्यांच्या खालची गाडी दोनदा सुरुंगाने उडाली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

९/ एप्रिल १९४८. नौशेरा–राजौरी मार्ग. कारवारजवळच्या चेंडियाचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, हेही बॉम्बे सॅपर्सचेच. मार्ग सुरुंग आणि पाडलेल्या झाडांनी रोखलेला. जखमी राणे रणगाड्याखाली सरपटत गेले आणि दोरीच्या खुणांनी चालकाला दिशा देत राहिले. १२ एप्रिलला राजौरी हाती आली. परमवीरचक्राचे हे मानकरी किती मराठी पाठ्यपुस्तकांच्या मुखपृष्ठावर आहेत?

१०/ सप्टेंबर १९६५ चे असल उत्तर उलट बाजूने तेच सांगते. खेमकरणजवळ भारतीय सैन्याने शेतांत पाणी सोडले. त्या काळी गाजलेले पाकिस्तानी पॅटन रणगाडे चिखलात रुतले. माऱ्याखाली त्यांना ओढून काढणे शक्य झाले नाही आणि अनेक जागीच सोडून द्यावे लागले. पॅटनची तोफ त्या दिवशी लहान झाली नव्हती. तिच्या खालची जमीन बदलली होती.

११/ आक्षेप येतो तो बसंतरचा. डिसेंबर १९७१ मध्ये सुरुंगक्षेत्र पूर्ण मोकळे होण्याची वाट न पाहता पूना हॉर्सचे रणगाडे पुढे गेले. त्याच लढाईत पुण्यात जन्मलेले अरुण खेतरपाल धारातीर्थी पडले. मग अभियंत्यांवाचून भागतेच ना? नाही. निम्मी वाट अभियंत्यांनी आधीच काढली होती. उरलेल्या अर्ध्यासाठी शूरांनी जीव पणाला लावला. त्या धैर्याला वंदन करावे, पण अपुऱ्या साधनांचे समर्थन त्याच्या आड लपवू नये.

१२/ दुसरा आक्षेप असा की पूल हेच सोपे लक्ष्य असते. खरे आहे. मे २०२२ मध्ये युक्रेनमधील सिव्हेर्स्की दोनेत्स नदीवर रशियाचे तरते पूल उद्ध्वस्त झाले आणि काठावर जमलेली कित्येक वाहने जळाली. परंतु शत्रू आधी पुलावर नेम धरतो, यातच पुलाची किंमत दिसते. गौण गोष्टीवर कोणी तोफगोळे वाया घालवत नाही.

१३/ ही विद्या दूरची नाही. बॉम्बे सॅपर्सचे केंद्र खडकीला आहे, सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय दापोडीला. १५ मीटरांचे पाच टप्पे जोडून ७५ मीटरांची दरी बांधणारा 'सर्वत्र' पूल दिघीच्या संशोधन संस्थेत घडला. तिथल्याच १० मीटरी पुलाचे पहिले १२ संच २ जुलै २०२१ रोजी लष्करप्रमुख मनोज नरवणे यांच्या उपस्थितीत सेवेत आले. समाजमाध्यमांवर त्याची चर्चा एका नव्या बंदुकीइतकीही झाली नाही.

१४/ अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात तरुण तोफेच्या नळीखाली छायाचित्रे काढतात. जरूर काढावीत. पण दोन सैन्यांची तुलना करताना पहिला प्रश्न बदलावा: एका रात्रीत हे सैन्य किती नद्या ओलांडेल आणि सकाळी रुतलेले किती रणगाडे परत आणेल? उत्तर देता येत नसेल, तर त्या तुलनेला इतिहास म्हणू नये. भरती-ओहोटी न पाहता होडी लोटणाऱ्याला डहाणूच्या किनाऱ्यावर कोणी दर्यावर्दी म्हणत नाही.