शिक्षेचा अपवाद

1893 सालचं शिकागोचं जागतिक प्रदर्शन मराठी वाचकाला ठाऊक असतं ते त्याच्या जोडीने भरलेल्या सर्वधर्म परिषदेमुळे, विवेकानंदांच्या भाषणामुळे. त्याच प्रदर्शनात हैती देशाच्या दालनातून एक पुस्तिका वाटली जात होती. वाटणाऱ्या होत्या आयडा बी. वेल्स, जन्माने गुलाम आणि पेशाने पत्रकार. पुस्तिकेतलं त्यांचं एक प्रकरण तुरुंगातले कैदी भाड्याने देण्याच्या पद्धतीवर होतं.

असं जुनं लेखन आजच्या अमेरिकेला लावून वाचणं म्हणजे गाडलेली मढी उकरणं, असा आक्षेप तिथे वारंवार घेतला जातो. गुलामगिरी 1865 साली संपली. 2008 साली बराक ओबामांना निवडून देणाऱ्या देशाला पणजोबांच्या पापाचा जाब का विचारायचा? आक्षेप घेणारे सगळेच दुष्ट नाहीत, पुष्कळांना हे प्रामाणिकपणे वाटतं. पण सगळा युक्तिवाद एका सालावर उभा आहे, आणि ते सालच कच्चं आहे.

गुलामगिरी रद्द करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीत एक अपवाद आहे: गुन्ह्याची शिक्षा म्हणून ती चालेल. दक्षिणेतल्या राज्यांनी ही फट लगेच हेरली. मिसिसिपीने 1865 मध्येच कायदा केला. जानेवारीत ज्या कृष्णवर्णीयाकडे कामधंदा नसेल तो ‘भटका’ ठरे, म्हणजे गुन्हेगार. दंड भरायला पैसे नसले, की जो तो भरेल त्याच्याकडे त्याने राबायचं. पुढे मळे, खाणी, रेल्वेचे कंत्राटदार यांना कैदी सर्रास भाड्याने मिळू लागले. विकत घेतलेला गुलाम मेला तर मालकाचे पैसे बुडत. भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मिळे. गुन्हा आधी घडला आणि मग शिक्षा झाली, असा हा क्रमच नव्हता. मजूर हवे होते, म्हणून गुन्हा घडवला गेला.

हे सगळं इतिहासजमा झालं म्हणावं, तर लुइझियानातला अँगोला तुरुंग डोळ्यांसमोर उभा आहे. सुमारे 18,000 एकरांची ही जमीन एकेकाळी आयझॅक फ्रँकलिन या गुलामांच्या व्यापाऱ्याची होती. मळ्याचं आफ्रिकी नाव तेव्हापासूनचं. 1880 पासून सॅम्युएल जेम्स नावाचा, गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या कॉन्फेडरेट फौजेतला माजी अधिकारी तिथे भाड्याचे कैदी राबवू लागला. 1901 साली राज्याने ताबा घेतला. शेती मात्र थांबली नाही. आजही कैदी तिथे हाताने भाजीपाला काढतात, कित्येकांना ताशी 2 सेंट मिळतात, आणि त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय आहेत. राज्याच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचा वाटा साधारण एक तृतीयांश आहे. भर उन्हात राबणाऱ्या या कैद्यांना संरक्षण द्या, असं 2024च्या जुलैमध्ये संघराज्याच्या न्यायालयाला सांगावं लागलं.

गुन्हेगाराने काम केलं तर बिघडलं कुठे, असं कुणी विचारेल. कामाबद्दल तक्रार नाहीच. नकार दिला तर एकांतकोठडी, आणि राबलं तरी मोबदला असून नसल्यासारखा. त्याला मजुरी म्हणता येत नाही.

जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. तो गौरव खराच होता. पण त्या लढ्यातले अग्रणी फ्रेडरिक डग्लस वीस वर्षांनी वेल्स यांच्या पुस्तिकेची प्रस्तावना लिहीत होते, कारण लढा संपलेला नाही हे ते जाणून होते. जुनं लेखन आजला जोडण्याचं काम कुणा आधुनिक विचारवंताने काढलेलं खूळ नव्हे. गुलामगिरी भोगलेल्या माणसांनीच ते सुरू केलं.

काही राज्यांनी त्यांचं म्हणणं ऐकलं. कोलोराडोने 2018 साली आपल्या राज्यघटनेतला हा अपवाद काढला, 2022 मध्ये अलाबामा, टेनेसी, ओरेगन आणि व्हर्मॉन्टने तो पुसला. 2024च्या नोव्हेंबरमध्ये तोच प्रश्न कॅलिफोर्नियाच्या मतदारांपुढे आला. 1850 साली गुलामगिरीला बंदी घालून संघराज्यात आलेलं हे राज्य. बहुमताने त्यांनी अपवाद कायम ठेवला.