वजन लिहा, किंमत लिहा, बांधणीचे पैसे वेगळे दाखवा

प्रति,
जिल्हा क्रीडा अधिकारी, सातारा व सांगली
व्यायाम साहित्याचे उत्पादक व विक्रेते
माल वाहतूकदार व त्यांचे बुकिंग एजंट

विषय : व्यायाम साहित्याची बांधणी, पेट्या व चढ-उतार यांबाबत मागणीपत्र

महोदय,

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत व्यायामाचे साहित्य ट्रकमधून उतरवणारे, टेम्पोत भरणारे आणि तालमीत किंवा जिममध्ये जागेवर नेऊन लावणारे हमाल, टेम्पोचालक व बांधणी कामगार यांच्या संघटनेतर्फे हे मागणीपत्र देत आहोत.

हा माल मेरठ, जालंधर किंवा भिवंडीच्या गोदामातून निघतो. मोठ्या ट्रकमधून तो साताऱ्याला किंवा मिरज-कुपवाडला येतो, तिथे फुटकळ होऊन छोट्या हत्तीत चढतो आणि पाटण-जावळीच्या वाड्यांपासून जत-आटपाडीपर्यंत जातो. पेटी उघडल्यावर काही वाकलेले-तडकलेले निघाले की बोट शेवटच्या हाताकडे जाते. आधी ती पेटी किती जणांनी कशी हाताळली याची नोंद कुठेच नसते. आमचा अनुभव असा, की तुटण्याचा निकाल बहुतेक वेळा कारखान्याच्या दारातच लागलेला असतो. कारण दरपत्रकात यंत्राची किंमत असते, कर असतो, भाडे असते. बांधणी मात्र 'समाविष्ट' या एका शब्दात संपते. जे समाविष्ट असते त्यावरच पैसे वाचवले जातात.

ट्रेडमिलचेच पाहा. तिची मोटर पुढच्या आवरणाखाली असते, त्यामुळे वजन एका टोकाला असते. खोका मात्र दोन्हीकडून सारखा दिसतो. चौघे मिळून उचलतात तेव्हा पुढच्या दोघांच्या कमरेवर दुपटीने भार येतो आणि मागचे म्हणतात, हलकीच आहे की. जिन्याच्या वळणावर हा फरक कळतो, तेव्हा उशीर झालेला असतो. घडीच्या ट्रेडमिलमध्ये आणखी एक धोका आहे : घडी नुसत्या खटक्यावर सोडली आणि पट्ट्याने आवळली नाही, तर खोका आडवा होताच आतल्या आत पट्टा-फळी सुटते. म्हणून आमची मागणी आहे की ट्रेडमिल लाकडी पॅलेटवर बोल्टने बसवावी, डिस्प्ले काढून फोममध्ये वेगळा बांधावा, घडीला पट्टा मारावा आणि जड बाजू कोणती ते खोक्यावर चारही अंगांनी ठळक लिहावे. बाण आणि छत्रीची चिन्हे आम्हाला कळतात. पण उभ्या पेटीवर बाण खाली तोंड करून छापलेला असेल तर त्याचे आम्ही काय करावे?

डंबेल आणि प्लेटा यांची गोष्ट उलटी आहे. माल लहान, वजन प्रचंड. पाच पदरी पुठ्ठ्याच्या खोक्यात लोखंड भरले की तळ फाटणारच, विशेषतः खोका ओल्या फरशीवर तासभर टेकला असेल तर. ओतीव लोखंडाची प्लेट आपटली तर वाकत नाही, तडकते. आणि ती पायावर पडली तर काय होते ते लिहायला नको. ऑलिम्पिक बार २० किलोचा आणि २.२ मीटर लांब असतो. त्याच्या दोन्ही टोकांना फिरत्या नळ्या असतात. तो नुसत्या बबलरॅपमध्ये गुंडाळून ट्रकच्या तळाशी टाकतात आणि त्यावर मल्टिजिमची चौकट चढवतात. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्यपदक मिळवले. त्या जिल्ह्यातल्या पोरांच्या हाती वाकडा बार पडू नये, एवढी अपेक्षा गैर नाही. बार पीव्हीसी पाइपमध्ये किंवा लाकडी चौकटीत यावा, प्लेटा प्लायच्या पेटीत याव्यात. पेटीला खिळे नकोत, स्क्रू हवेत. खिळ्यांनी फाटलेले तळवे आमच्याकडे पुष्कळ आहेत.

तालमीचे साहित्य तर पेटीत येतच नाही. मुद्गल, गदा, करेला टपावर टाकून आणतात. पुरलेला मल्लखांब हा सागाचा किंवा शिसवीचा घोटून गुळगुळीत केलेला खांब. अंग खाली जाड, वर मान निमुळती, त्यावर बोंड. दोन टोकांवर टेकवून मध्ये दोर आवळला की मानेपाशी ताण येतो, आणि दोराने अंगावर ओरखडा पडला तर तो खेळाडूच्या मांडीला लागतो. खांबाला गोणपाट गुंडाळून तीन ठिकाणी आधार द्यावा, एवढेच मागतो. मिरजेहून भोपळ्याचे तंबोरे देशभर जातात. ते जपून पाठवायचे असतात हे या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. पेट्या इथेच करून घ्यायच्या ठरवल्या तर मिरज-कराडच्या सुतारांना कामही मिळेल.

पावसाबद्दल एकच. महाबळेश्वर-पाटणच्या पट्ट्यात जूननंतर जाणारा माल प्लॅस्टिकने गच्च आवळला की आतला दमट वारा आतच राहतो आणि क्रोमच्या दांड्यांवर गंज चढतो. दांड्यांना तेलाचा हात, गंजरोधक कागद आणि सिलिका जेलच्या पुड्या. खर्च किरकोळ आहे.

आता वजनाचे. आमच्यातल्या जुन्या मंडळींनी शंभर किलोची पोती वाहिली आहेत. पाटण तालुक्यातून मुंबईला गेलेल्या अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. पुढे पोते पन्नास किलोवर यायला बरीच वर्षे गेली. आज सिमेंटची गोणी ५० किलोची, युरियाची ४५ किलोची, आणि आमच्या यार्डात बेदाण्याचा बॉक्स साधारण १५ किलोचा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत एका प्रौढ पुरुष कामगाराच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो धरली. व्यायामाच्या साहित्यावर मात्र आकडाच नसतो. उचलल्यावर कळते. ज्या यंत्रावर लोक किलो मोजून व्यायाम करतात, त्याच्या खोक्यावर किलो नसावेत हे जरा मौजेचे आहे. प्रत्येक पेटीवर एकूण वजन हवे. ५० किलोच्या वरची पेटी एकट्याला देऊ नये, १०० किलोच्या वर ट्रॉली किंवा चार माणसे हवीत, आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत मजल्यागणिक वेगळा दर हवा. दुसऱ्या मजल्यावरची जिम ही जिममालकाची हौस आहे. तिचा भार त्याने उचलावा.

भरपाईचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आणि सर्वांत कमी माहीत असलेला आहे. रस्ते माल वाहतूक कायदा २००७ आणि त्याखालील २०११ चे नियम यांनुसार, माल देणाऱ्याने जादा किंमत जाहीर करून जादा जोखमीचा दर भरला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती असते. समजा भाडे १,२०० रुपये झाले आणि यंत्र ९०,००० चे आहे. तर मिळणार फार तर १२,०००. उरलेल्या ७८,००० साठी मग हमालाच्या मजुरीतून कापून घेण्याची भाषा सुरू होते. हे आम्हाला मान्य नाही. विक्रेत्याने बुकिंगच्या वेळी खरी किंमत लिहावी आणि जोखमीचा दर भरावा. दावा करायचा तर बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, हे पावतीवर मराठीत छापावे. 'माल चांगल्या स्थितीत मिळाला' अशी सही पेटी उघडण्याआधी कुणाकडूनही घेऊ नये. बांधताना, चढवताना आणि उतरवताना पेटीचे फोटो काढावेत. फोन सगळ्यांच्या खिशात आहेत.

क्रीडा अधिकाऱ्यांकडे आमची मागणी वेगळी आहे. व्यायामशाळांना अनुदानातून साहित्य मिळते तेव्हा खरेदीच्या अटींत यंत्राची मापे बारकाईने असतात. त्यातच बांधणीची अट, पेटीचे कमाल वजन आणि जागेवर बसवण्याची जबाबदारी लिहावी, आणि बांधणीचा खर्च स्वतंत्र ओळीत मागवावा. मार्चअखेरीला सगळा माल एकदम पाठवू नये.

आमच्याकडून आम्ही लिहून देतो : उभी म्हटलेली पेटी उभीच राहील, पेटी ढकलली किंवा फेकली जाणार नाही, आणि फुटका कोपरा दिसला तर उतरवण्याआधी पावतीवर शेरा मारू.

पुढच्या वर्षाच्या खरेदीचे आदेश निघण्याआधी कराडात एकत्र बैठक घ्यावी. ते दोन्ही जिल्ह्यांना सोयीचे. बैठकीला एक ट्रेडमिल, एक प्लेटांचा संच आणि एक मल्लखांब आणून ठेवावा, आम्ही बांधून दाखवू आणि खर्च तिथेच मांडू. तोपर्यंत वजन न लिहिलेली पेटी आमचे सभासद फक्त ट्रॉलीने जमिनीवर उतरवतील. जिन्यावर चढवणार नाहीत.

अध्यक्ष / सरचिटणीस
(संघटनेच्या सभासदांतर्फे)