व्हॉल्वचा हॉर्न, बिनव्हॉल्वची तुतारी आणि प्रगतीची खोटी शिडी

१/
लग्नसराईत ठाकुर्लीच्या रस्त्यावर वरात निघाली की बँडवाल्यांच्या पितळी वाद्यांवर तीन खटके दिसतात. वरातीपुढे तुतारी असलीच, तर तिला एकही खटका नसतो. त्यावरून अनेक इतिहासप्रेमी एक शिडी रचतात : तळाशी शिंग, मग तुतारी, शिखरावर युरोपचा व्हॉल्वचा हॉर्न. ही शिडी खोटी आहे.

२/
प्रथम तंत्र. ठरावीक लांबीच्या नळीतून ओठांच्या कंपनाने ठरावीकच स्वर निघतात. खालच्या स्वरांत मोठी अंतरे राहतात. खटका दाबला की हवा जादा वेटोळ्यातून वळते, नळी लांबते, स्वर उतरतो : एका व्हॉल्वने अर्धा स्वर, दुसऱ्याने एक, तिसऱ्याने दीड.

३/
प्रशियातील हॉर्नवादक हाइनरिख श्टोल्त्सेल याने १८१४ मध्ये ही कल्पना मांडली. १८१८ मध्ये त्याला व फ्रीडरिख ब्ल्यूमेल याला संयुक्त पेटंट मिळाले. शिडी खरी असती, तर जुना हॉर्न येथेच संपला असता.

४/
तो संपला नाही. बिनव्हॉल्वचा वादक पट्टी बदलण्यासाठी सुटी वेटोळी जोडत असे आणि मधले स्वर काढण्यासाठी हॉर्नच्या तोंडात हात घालत असे. त्यामुळे काही स्वर मोकळे, काही झाकोळलेले उमटत. आज जी उणीव वाटते, ती त्या काळच्या अनेक रसिकांना वाद्याची शोभा वाटे.

५/
पॅरिसच्या संगीत विद्यालयात १८३३ मध्ये मेफ्रे याचा व्हॉल्व-हॉर्नचा वर्ग सुरू झाला. १८६४ मध्ये तो निवृत्त झाला आणि वर्ग बंद पडला. पुढे तीसहून अधिक वर्षे तेथे जुनाच हॉर्न शिकवला गेला. शुमानने १८४९ मध्ये चार व्हॉल्व-हॉर्नसाठी रचना केली. ब्राम्सने मात्र १८६५ मध्ये आपले त्रिवाद्य बिनव्हॉल्वच्या हॉर्नसाठी लिहिले. ब्राम्सला मागासलेला कोण म्हणेल?

६/
सर्वांत बोलका पुरावा म्हणजे युरोपीय संग्रहांतील ते आरंभीचे हॉर्न, ज्यांचा व्हॉल्वचा भाग काढता-घालता येतो. एकाच वाद्यात दोन्ही वाटा खुल्या होत्या. शिवाय व्हॉल्व निर्दोष नव्हता : खटके एकत्र दाबले की नळी किंचित आखूड पडते आणि स्वर चढा लागतो.

७/
आता तुतारी. तिचे काम आगमनाची वर्दी देणे, मोकळ्या मैदानात दूरवर ऐकू जाणे. त्यासाठी बारा स्वर लागत नाहीत. ज्याची गरजच नाही, ते नसणे ही उणीव नव्हे. आणि ‘युरोपचा हॉर्न तुतारीतूनच निघाला’ म्हणणारेही तीच शिडी उलटी धरतात. तो हॉर्न युरोपातील शिकारीच्या शिंगांतून घडला.

८/
या शिडीची किंमत वादक मोजतात. तुतारीवाला ‘अप्रगत’ ठरतो, बँडवाला ‘नकलाकार’. व्हॉल्वची पितळी वाद्ये येथे ब्रिटिश लष्करी बँडांसोबत आली, हे खरे. पण पुढे ती मेरठच्या जली कोठीत बनू लागली आणि स्वरलिपी न शिकलेल्या वादकांनी केवळ कानाच्या बळावर त्यांतून सिनेगीते काढली. हा इतिहास नव्हे, तर काय?

९/
पुण्याच्या केळकर संग्रहालयात वाद्ये पाहताना ‘कोणते प्रगत?’ हा प्रश्न बाहेर ठेवावा. हे कोणी वाजवले, कोठे, कशासाठी, हे विचारावे. तोच प्रश्न ठाकुर्लीच्या बँडवाल्यालाही विचारावा, आणि त्याचे जुने कॉर्नेट भंगारात किलोने विकले जाण्यापूर्वी त्यावरील कारखान्याची खूण व वादकाचे नाव टिपून ठेवावे. शिडी मोडल्यावर इतिहासकाराच्या हाती उरणारे काम हेच आहे.