कापडाच्या पेठेला रसायन कळायला हवे

1 फेब्रुवारी 2020 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ‘पीटीए’वरील अँटी-डंपिंग ड्यूटी रद्द केल्याचे जाहीर केले. बातमी सर्व वर्तमानपत्रांत छापून आली. पण आपल्या कापडाच्या पेठेत तिची चर्चा कितीशी झाली? पीटीए म्हणजे प्युरिफाइड टेरेप्थॅलिक ॲसिड. साडी असो, शर्टिंग असो की बुरख्याचे नीदा, ज्या थानात पॉलिएस्टर आहे, त्याचा जन्म या ॲसिडाखेरीज होत नाही. जो माल आपण रोज मीटरने मोजून देतो, तो कशाचा बनला आहे हे आपल्यालाच माहीत नसावे, ही साधी बाब नाही.

शाळेच्या पुस्तकात दोन घराणी शेजारी-शेजारी शिकवली जातात. एक अल्कोहोलचे, दुसरे कार्बोक्झिलिक आम्लाचे. अल्कोहोल हा शब्द कानी पडताच आपल्याकडे कपाळाला आठी पडते. वास्तविक दारूतील इथेनॉल हा त्या मोठ्या खानदानाचा केवळ एक सदस्य आहे. औषधाच्या दुकानातले ग्लिसरीन त्याच खानदानातले. इतकेच काय, कापसाच्या तंतूतील सेल्युलोजमध्येही अल्कोहोलचे तेच ‘ओएच’ गट ओळीने लागलेले असतात. दुसऱ्या घराण्यात सिरक्याचे ॲसेटिक आम्ल आणि लिंबाचे सायट्रिक आम्ल येते. आम्ही उर्दू शाळेत आम्लाला तेजाब म्हणायचो, पण ही तेजाबे काही हात जाळणारी नव्हेत.

या दोन घराण्यांची सोयरीक झाली की एस्टर तयार होते आणि पाणी बाहेर पडते. अल्कोहोलला दोन हात आणि आम्लालाही दोन हात असतील, तर एकमेकांचे हात धरून लांब साखळी होते. तेच पॉलिएस्टर. टेरेप्थॅलिक आम्ल व ग्लायकॉल यांची ही साखळी 1941 मध्ये इंग्लंडात व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी बनवली. ते नोकरीला होते कापडछपाईवाल्यांच्या संघात, म्हणजे आपल्याच धंद्यात!

व्यापाऱ्याला समजेल असा हिशेब मांडतो. एक किलो पॉलिएस्टरला सुमारे 865 ग्रॅम आम्ल आणि 323 ग्रॅम ग्लायकॉल लागते. बेरीज 1,188 ग्रॅम; त्यातील 188 ग्रॅम पाणी होऊन निघून जाते. पीटीए खनिज तेलाच्या पोटातून येते. म्हणून कच्च्या तेलाचे भाव उसळले की आज ना उद्या सुरतच्या सुताचा भाव हलतो. ज्याला ही साखळी ठाऊक आहे, तो सीझनचा माल केव्हा भरायचा याचा अंदाज बांधू शकतो. ज्याला ठाऊक नाही, तो दलालाच्या तोंडाकडे पाहत बसतो.

गिऱ्हाइकाच्या तक्रारींचे उत्तरही इथेच आहे. कापसातले ओएच गट पाण्याला धरून ठेवतात. साधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के. नांदेडच्या उन्हाळ्यात पॉलिएस्टरचा शर्ट अंगाला का चिकटतो, ते यावरून कळावे. एस्टरची गाठ कॉस्टिक सोड्याने सुटते. पॉलिएस्टर जॉर्जेटला रेशमासारखा मऊपणा देण्यासाठी कारखान्यात हेच करतात. सुताचा वरचा थर सोड्याने खाऊन टाकतात, त्याला ‘वेट रिडक्शन’ म्हणतात. ते बेताने झाले तर साडी सुंदर पडते, अति झाले तर कापडाचा दम जातो. आणि आगीजवळ पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बाईला किंवा लहान मुलाला कपडा देताना ही गोष्ट सांगणे आपले कर्तव्य आहे.

काही बंधू म्हणतील, धंदा जिभेवर आणि उधारीवर चालतो, रसायनावर नाही. आजवर चाललाही. परंतु ‘प्युअर कॉटन’ म्हणून टेरीकॉट देणारा दुकानदार नेहमी बेइमान असतो असे नाही. पुष्कळदा त्यालाच घाऊकवाल्याने तसे सांगितलेले असते. खरे बोलायचे तर आधी खरे माहीत हवे. कडेचे चार धागे काढून काडी लावा. कापूस कागदासारखा जळून हलकी राख होईल, पॉलिएस्टर आकसून त्याचा कडक मणी होईल, मिश्रणात दोन्ही खुणा दिसतील. ही परीक्षा विनाखर्चाची आहे.

याहून पुढे जायचे तर विष्णुपुरी दूर नाही. वजिराबादेतून रिक्षाने अर्ध्या तासाची वाट. तेथे 1981 मध्ये सुरू झालेल्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत वस्त्रतंत्रज्ञान शिकवले जाते. 1994 मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठही तेथेच, आणि तेथे रसायनशास्त्राचा विभाग आहे. एकीकडे हे ज्ञान, दुसरीकडे आपली पेठ, आणि मधला रस्ता रिकामा! व्यापारी संघटनेने या संस्थांना रीतसर पत्र लिहून दुकानदारांसाठी वर्षातून दोन दिवसांचा वर्ग मागावा. वादाचा माल तपासून घेण्याची सोय फी भरून मिळेल का, हेही विचारावे.

दुसरी विनंती पालकांना. उर्दू माध्यमातली मुले दहावीनंतर विज्ञान अवघड म्हणून सोडतात आणि गल्ल्यावर बसतात. भाषेचा अडसर हे कारण मला पटत नाही. याच मुलखात निजामाच्या काळी, 1918 साली हैदराबादेत उघडलेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञान उर्दूतून शिकवले जात होते. मराठवाड्यात ऊस आहे, मळी आहे, अल्कोहोल आहे. काशीपूरच्या इंडिया ग्लायकॉल्सने मळीच्या अल्कोहोलपासून ग्लायकॉल बनवून दाखवले आहे. कापूसही आपल्याच रानात पिकतो. हे सर्व जोडणारी तालीम घेतलेले तरुण तेवढे आपल्याकडे हवेत. दुकान मुलाला आज ना उद्या मिळणारच आहे. ते चालवण्याची समजही त्याच्याबरोबर द्या.