शाईचा रंग आणि नोंदवहीचे आयुष्य

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याच्या कोटाला पेन लावलेले असते. नांदेड-लातूरच्या कोणत्याही गावात जा, निळा कोट, हातातील संविधान आणि खिशातील पेन या तीन गोष्टी मूर्तिकार सहसा चुकवत नाही. बाबासाहेबांना फाउंटन पेनांची विशेष आवड होती, हे सर्वश्रुत आहे. अलीकडे चैत्यभूमीवर हार-मेणबत्त्यांऐवजी ‘एक वही, एक पेन’ आणण्याचे आवाहन केले जाते, तेही आपणा सर्वांना ठाऊक आहे. परंतु पेनाचा एवढा सन्मान करणाऱ्या आपल्या समाजात त्या पेनात शाई कोणती भरावी, याची चर्चा आमच्या कानी कधी आलेली नाही. ती झाली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ते केवळ हौशी माणसाचे मत नव्हे.

शाईच्या रंगांना आपल्याकडे एक उतरंड आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. निळी विद्यार्थ्याची, तांबडी गुरुजींची, निळी-काळी कारकुनाची, जांभळी शिक्क्याची. आणि हिरवी शाई म्हणजे राजपत्रित अधिकाऱ्याची. प्रमाणपत्राच्या नकलेवर हिरवी सही मिळवण्यासाठी आमच्या पिढीने किती उंबरठे झिजवले! वस्तीतील एखादा मुलगा अधिकारी झाला आणि त्याच्या खिशात हिरव्या शाईचे पेन आले, तर तो दिवस सगळ्या वस्तीचा असे. आता स्वयंसाक्षांकन आल्याने त्या हिरव्या सहीचा दरारा ओसरला, आणि तसे झाले हे बरेच झाले.

आपल्या वसतिगृहातील मुलामुलींना रंग निवडायला सांगितले की दहापैकी आठ हात निळ्याकडे जातात. त्यातही रॉयल ब्लू म्हणतात ती उजळ, झळाळती निळी. १९४२ साली नागपुरात शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि तिच्या निळ्या झेंड्याबरोबर हा रंग आपल्या मनात कायमचा रुजला. त्या आकर्षणाला आम्हीही अपवाद नाही. पण झेंड्याचा रंग दुरून दिसण्यासाठी असतो आणि तो विटला की नवा झेंडा लावता येतो. नोंदवहीतील अक्षर बदलता येत नाही.

हे मुलांना तोंडी सांगून पटेना, म्हणून विज्ञानाच्या सहकाऱ्यांना सोबत घेऊन आम्ही एक साधा प्रयोग केला. नोंदवहीच्याच जातीचा जाड कागद घेतला. त्यावर रॉयल ब्लू, दोन निरनिराळ्या बाटल्यांतील निळी-काळी, कायमस्वरूपी काळी, तांबडी, हिरवी, जांभळी आणि मुलांनी घरगुती पद्धतीने केलेली हिरड्याची, अशा आठ शायांनी एकच वाक्य लिहिले. जोडीला एक साधे बॉलपेन. कागदाचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून तो दक्षिणेच्या खिडकीत मार्च ते मे ठेवला. मराठवाड्याच्या उन्हाची ख्याती इथे कामास आली. दुसऱ्या एका कागदावर तीच वाक्ये लिहून, वाळल्यावर तो पाण्याच्या तबकात बुडवला.

मे संपता संपता पुठ्ठा उचलला. तांबडी आणि जांभळी जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. झाकलेल्या भागात लिहिलेले शब्द आणि उघड्या भागातील शब्द एकाच हाताचे आहेत, हे सांगावे लागत होते. रॉयल ब्लूची राखाडी छटा उरली. हिरवी आणि बॉलपेनही पुष्कळ फिके पडले. काळी तशीच राहिली. गंमत झाली ती दोन निळ्या-काळ्यांची. एकीतील निळा रंग उडाला, पण त्याखाली करडे-काळे अक्षर स्वच्छ वाचता येत होते. दुसरी मात्र रॉयल ब्लूच्याच वाटेने गेली. पाण्याच्या तबकातही हेच घडले. रॉयल ब्लूने सारे पाणी निळे केले आणि कागद कोरा सोडला.

एकाच नावाच्या दोन शाया अशा वेगळ्या का वागल्या, याचे उत्तर त्या नावातच आहे. जुनी खरी निळी-काळी शाई लोहक्षार आणि वनस्पतीतील तुरट द्रव्य यांच्या संयोगाने बनते. ती लिहिताना फिकट असते, हवा लागली की कागदाच्या तंतूंत काळी होत जाते. लिहिणाऱ्याला तत्क्षणी अक्षर दिसावे एवढ्यासाठी तिच्यात निळा रंग मिसळत. निळा दिसण्यापुरता, काळा टिकण्यासाठी, म्हणून निळी-काळी. आज त्या नावाखाली बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ बाटल्यांत लोह नसतेच, निळा आणि काळा रंग पाण्यात कालवलेला असतो. तेव्हा झाकणावरील नाव पाहून भागत नाही. कागदावर लिहून, वाळवून, भिजवून पाहावे लागते.

मुलांनी केलेली शाई याच जुन्या तत्त्वाची होती. हिरडा कुटून त्याचा काढा करायचा, त्यात हिराकस टाकायचे आणि थोडा डिंक घालायचा. पिवळट काढा डोळ्यांदेखत काळा होतो. (ती फाउंटन पेनात भरू नये. गाळ निबात बसतो आणि आम्लाने पोलाद खाल्ले जाते. तिला टाक किंवा बोरूच बरा.) इथे इतिहासाचा शिक्षक म्हणून एक गोष्ट नोंदवल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही. बाभळीच्या आणि तरवडाच्या सालीने चामडे कमावून त्याला लोहाच्या पाण्याने काळा रंग चढवणे, यात रसायन हेच आहे. म्हणजे काळ्या अक्षराची विद्या ज्यांच्या कुंडात आणि हातात होती, त्यांनाच अक्षरापासून दूर ठेवले गेले. हे आमच्या पाठ्यपुस्तकात कुठे वाचल्याचे आठवत नाही.

आता मूळ मुद्दा. आपल्या शाळेतील सर्वांत महत्त्वाचे पुस्तक ग्रंथालयात नाही; ते मुख्याध्यापकांच्या कपाटातील जनरल रजिस्टर आहे. प्रवेश-निर्गम उतारा निघतो तो त्यातून. जात पडताळणी समितीपुढे अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्यापर्यंत मागे जावे लागते. आपल्या बाबतीत त्यात आणखी एक वळण आहे. आजोबांच्या नोंदीत पूर्वीची जात, १९५६च्या धम्मदीक्षेनंतर वडिलांच्या नोंदीत बौद्ध किंवा नवबौद्ध, आणि १९९० साली संसदेने बौद्धांना अनुसूचित जातीच्या यादीत सामावून घेतल्यानंतरच्या नोंदी पुन्हा निराळ्या. ही साखळी जुळते ती जुन्या नोंदवहीतील एका रकान्याच्या आधारावर. त्या रकान्यातील शब्द वाचता आला पाहिजे.

आपल्या एका माजी विद्यार्थ्याचे उदाहरण आम्हाला जवळून ठाऊक आहे. त्याच्या आजोबांची निजाम राजवटीतील उर्दू नोंद काळीभोर, ठसठशीत. तिचे भाषांतर करून घेतले की काम झाले. वडिलांची साठच्या दशकातील नोंद मात्र धुतली जाणाऱ्या निळ्या शाईची. जातीचा रकाना दिव्यापुढे धरावा तेव्हा कुठे अंदाज येई. पुढे कोणा गुरुजींनी सद्भावनेने ती अक्षरे बॉलपेनाने गिरवली होती, आणि नेमके तेच नडले. दक्षता पथकाच्या नजरेत एकाच ओळीतील दोन शाया म्हणजे खाडाखोड, आणि खाडाखोड म्हणजे संशय. चुलत्याची नोंद दुसऱ्या गावच्या शाळेत सापडेपर्यंत त्या मुलाचे अभियांत्रिकीचे एक वर्ष गेले. मुलगा हुशार, कागद खरा, जात खरी. आणि वाया गेले ते वर्ष शाईने.

निजामकाळातील दप्तर टिकले, याचे कारण निजामाची दूरदृष्टी नव्हे. उर्दू काय आणि मोडी काय, बोरूने लिहिणारे काजळी आणि डिंक यांची रोशनाई वापरत, आणि काजळीला ऊन खात नाही. पाणी मात्र तिलाही बाधते. गोदावरीकाठच्या नांदेडकरांना आणि ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेनंतर ढिगाऱ्यांतून, पावसात भिजलेले कागद वेचणाऱ्या किल्लारी परिसरातील लोकांना हे निराळे सांगायला नको. लातूरचे जुने दप्तर शोधणाऱ्याला तर उस्मानाबादचाही फेरा चुकत नाही, कारण लातूर स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली.

काही तरुण सहकारी म्हणतात, आता सारे संगणकावर आहे, शाईचे काय घेऊन बसलात? त्यांच्या उत्साहाचा आदर राखून आम्ही विचारतो, पडताळणी समिती आजही मूळ नोंदवही का मागवते? संगणकावरील नोंद ही त्या वहीवरून उतरलेली असते. वहीतच शब्द पुसला असेल, तर संगणकावर चढते तो कोणाचा तरी अंदाज.

मतदानाच्या वेळी आपल्या बोटाला लागते ती शाई पाहा. म्हैसूरच्या कारखान्यात बनणारी, १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात असलेली. तिच्यात चांदीचा क्षार असतो. उन्हात ती विटत नाही, उलट गडद होते. एका मताची खूण काही आठवडे टिकावी म्हणून राज्यसंस्था एवढी काळजी घेते. आपल्या शाळेतील मुलाच्या नावाला निदान शंभर वर्षे टिकणारी शाई मिळावी, ही मागणी अवास्तव ठरू नये.

व्यवस्थापनाला आमची विनंती थोडक्यात अशी. नवीन शैक्षणिक वर्षापासून जनरल रजिस्टर आणि दाखल्यांची स्थळप्रत केवळ पाण्याने न विरघळणाऱ्या, कायमस्वरूपी काळ्या शाईने लिहावी. बाटली नवी आली की तिची भिजवण्याची आणि उन्हाची चाचणी विज्ञान कक्षात घ्यावी. मुलांना ते काम आवडते, असा आमचा अनुभव आहे. जुन्या फिकट नोंदी कोणीही, कितीही सद्भावनेने, गिरवू नयेत. त्यांची स्वच्छ छायाचित्रे काढून मुख्याध्यापकांच्या सहीने स्वतंत्र धारिकेत ठेवावीत. मुलांच्या वहीत मात्र रॉयल ब्लू खुशाल असू द्या. हाताला, शर्टाला लागली तरी साबणाने निघते, आणि शनिवारी धुणे स्वतः धुणाऱ्या वसतिगृहातील मुलाला हा गुण लहान वाटत नाही.

माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी, ज्या गावी वडील-आजोबा शिकले तेथील जिल्हा परिषद शाळेत या दिवाळीच्या सुटीपूर्वी एकदा जावे, आपल्या घरातील नोंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी आणि ती वाचता येत आहे तोवर प्रवेश-निर्गम उताऱ्याची प्रमाणित प्रत काढून घ्यावी. नोंद उर्दूत किंवा मोडीत असेल तर छायाचित्र काढण्याची परवानगी मागून ते आमच्याकडे आणावे. वाचून देणारे जाणकार शोधण्यास आम्ही मदत करू.