देश बदलला, विमाही बदला

जर्मनीत नोकरीला असलेला मुलगा कामासाठी नेदरलँड्सला राहायला गेला, तर जुने विमा कार्ड चालेल काय? नाही. २००४ साली सुरू झालेले युरोपीय आरोग्य विमा कार्ड मोफत मिळते. पण ते तात्पुरत्या मुक्कामापुरते. त्यावर सरकारी व्यवस्थेत तेथील लोकांच्याच दराने आवश्यक उपचार होतात. खाजगी इस्पितळाचा किंवा आजाऱ्याला मायदेशी आणण्याचा खर्च त्यात येत नाही. कामाचा देश बदलला की विमाही बदलतो. नेदरलँड्समध्ये तो ४ महिन्यांच्या आत घ्यावाच लागतो. न घेतल्यास दंड होतो. म्हणून मायबापहो, आम्ही सांगतो, फोनवर ‘जेवलास का?’ एवढेच विचारू नका. ‘नवा विमा काढलास का?’ हेही विचारा.